हृदयरोगाचे रक्तातील साक्षीदार
बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात नव्या रक्तचाचण्यांचा परिचय

हृदयविकार हा शहरातील सुखवस्तू माणसांचा रोग होय, असा समज ग्रामीण भागात दीर्घकाळ रूढ होता. शेतात राबणाऱ्या, भाकरी-ठेचा खाणाऱ्या माणसाला हा विकार जडत नाही, असे मानले जाई. हा समज आता टिकण्यासारखा राहिलेला नाही. ५२ देशांमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीतून भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ या देशांतील रुग्णांची स्वतंत्र आकडेवारी २००७ साली पुढे आली. या देशांत हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ वर्षे, तर इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे असल्याचे तीत दिसून आले. म्हणजे कर्त्या माणसाच्या आयुष्यातील जवळजवळ सहा वर्षे आधीच हा रोग दार ठोठावतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जिल्ह्याचे तेरा तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेने घाटावरील व घाटाखालील अशा दोन भागांत विभागलेले आहेत. दक्षिणेस लोणार व सिंदखेडराजा, तर उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे लोहमार्गावर आहेत. परंतु पायथ्याच्या एखाद्या वस्तीतून किंवा घाटावरील आडवळणाच्या खेड्यातून सुसज्ज रुग्णालय गाठावयाचे तर बराच वेळ मोडतो. हृदयविकारात हा वेळच रुग्णाचे भवितव्य ठरवितो.

अलीकडील काळात रक्ताच्या काही थेंबांवरून हृदयाची अवस्था सांगणाऱ्या अनेक चाचण्या प्रचारात आल्या आहेत. मोठ्या रुग्णालयांपुरत्या असलेल्या या चाचण्या आता तालुक्याच्या गावीही होऊ लागल्या असून ‘हृदय तपासणी पॅकेज’च्या जाहिराती बसस्थानकाच्या भिंतींवरही दिसतात. गावात आरोग्य शिबिर भरविणारे पंचायत सदस्य, पालकांशी बोलणारे शिक्षक व योजना राबविणारे अधिकारी या सर्वांना या चाचण्या नेमके काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, याची जाण असणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

जैवनिर्देशक म्हणजे काय?

शरीरातील एखाद्या घडामोडीची खूण पटविणारा आणि मोजता येण्याजोगा पदार्थ म्हणजे जैवनिर्देशक. ही कल्पना समजण्यास अवघड नाही. धान्याने भरलेली गाडी रस्त्याने गेली आणि मागे ज्वारीचे दाणे सांडलेले दिसले, तर गाडीतील ज्वारीचे पोते फाटले, हे गाडी न पाहताही सांगता येते. हृदयाच्या स्नायूंना रक्तपुरवठा करणारी वाहिनी बंद पडली म्हणजे त्या भागातील पेशी मरू लागतात. त्यांच्यातील पदार्थ रक्तात सांडतात. रक्त तपासून ते ओळखता आले तर हृदयाला इजा झाल्याचे कळते.

या दिशेने पहिले मोठे पाऊल १९५४ साली न्यूयॉर्क येथे पडले. लाड्यू, रॉब्लेव्स्की व कारमेन या संशोधकांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एका विकराचे प्रमाण वाढते, असे दाखवून दिले. हा विकर पुढे ‘एसजीओटी’ या नावाने प्रसिद्ध झाला. तथापि, तो यकृतात आणि हातापायांच्या स्नायूंतही असतो. एकाच प्रकारचे धान्य अनेक पोत्यांत असेल, तर सांडलेल्या दाण्यांवरून कोणते पोते फाटले हे कसे ओळखावे? कावीळ झालेल्या रुग्णाचीही एसजीओटी वाढते. त्यानंतर ‘सीपीके’ व त्याचा ‘एमबी’ हा प्रकार वापरात आला. तो हृदयाच्या अधिक जवळचा असला तरी निखळ हृदयाचा नव्हता. शिवाय दोन-तीन दिवसांत त्याचे प्रमाण पूर्ववत होत असल्याने उशिरा आलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादित राही.

ट्रोपोनिनचा शोध

स्नायूंचे आकुंचन ज्या यंत्रणेमुळे होते, तिच्यात ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनांचा समूह असतो. ट्रोपोनिन ‘टी’, ‘आय’ व ‘सी’ असे त्याचे तीन घटक आहेत. यांपैकी ‘टी’ व ‘आय’ यांची हृदयातील घडण इतर स्नायूंतील घडणीहून वेगळी असते. केवळ हृदयाच्याच पोत्यात सापडणारा दाणा तो हाच. १९८७ साली ट्रोपोनिन ‘आय’ची व १९८९ साली जर्मनीतील कॅटस यांच्या गटाने ट्रोपोनिन ‘टी’ची चाचणी मांडली आणि हृदयविकाराच्या निदानाचे स्वरूप पालटले. २००० सालापासून आंतरराष्ट्रीय हृदयरोग संघटनांनी झटक्याच्या व्याख्येतच ट्रोपोनिनला मध्यवर्ती स्थान दिले. २०१८ साली या व्याख्येची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या चाचणीचे दोन प्रकार आढळतात. एक म्हणजे पट्टीवर रक्ताचे थेंब टाकून रेघ उमटते की नाही हे पाहण्याचा सोपा प्रकार. तो लहान दवाखान्यातही करता येतो, पण अल्प प्रमाण त्याला ओळखता येत नाही. दुसरा प्रकार यंत्रावर होणाऱ्या ‘अतिसंवेदनक्षम’ चाचणीचा. निरोगी माणसाच्या रक्तातही असणारे अत्यल्प ट्रोपोनिन तो मोजू शकतो. शंभर निरोगी व्यक्तींपैकी ९९ जणांमध्ये जे प्रमाण ओलांडले जात नाही, ते मर्यादेचे प्रमाण मानण्यात येते.

वेळेचे गणित

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. पोते फाटल्याबरोबर सारे दाणे रस्त्यावर येत नाहीत. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ट्रोपोनिन दिसू लागण्यास छातीत कळ आल्यापासून साधारण तीन ते चार तास, काही वेळा त्याहूनही अधिक अवधी लागतो. बारा ते चोवीस तासांत ते शिगेला पोहोचते आणि पुढे आठवडाभर किंवा अधिक काळ रक्तात राहते. अतिसंवेदनक्षम चाचणीत हा आरंभीचा अवधी पुष्कळ कमी झाला आहे. परंतु तेथेही एक ते तीन तासांच्या अंतराने दुसरी तपासणी करून प्रमाण वाढते आहे काय, हे पाहावे लागते.

समजा, संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या गावी पन्नाशीतील शेतकऱ्याच्या छातीत पहाटे चार वाजता कळ आली. घाम फुटला, डावा हात जड झाला. घरच्यांनी त्याला पाच वाजता जवळच्या दवाखान्यात नेले. पट्टीवरील चाचणी केली असता रेघ उमटली नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, गॅस झाला असेल’ असे समजून तो सोडा पिऊन घरी परतला, तर सकाळी दहापर्यंत हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झालेला असेल. चाचणीने खोटे सांगितले नाही. तिला फार लवकर विचारले गेले, एवढेच.

याच कारणासाठी छातीत दुखणाऱ्या रुग्णाची पहिली तपासणी रक्ताची नसून ईसीजीची असते. रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो काढला जावा, असा संकेत आहे. ईसीजीवर वाहिनी पूर्णपणे बंद झाल्याची लक्षणे असतील तर ट्रोपोनिनच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे असतात. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या काही तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. बारा तासांनंतर त्याचा लाभ फारसा उरत नाही. ईसीजी संदिग्ध असेल तेव्हा ट्रोपोनिनचे खरे मोल कळते. एकच अहवाल नव्हे, तर ठरावीक अंतराने घेतलेले दोन अहवाल निदान पक्के करतात.

स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्या बाबतीत अधिकच सावध राहावे लागते. त्यांच्यात छातीतील कळीऐवजी धाप लागणे, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, घाम येणे, अवचित गळून गेल्यासारखे वाटणे एवढीच लक्षणे असू शकतात. घरातील बाई कामाने थकली असे समजून अशी लक्षणे दुर्लक्षिली जातात.

हृदयाची दमछाक सांगणारा पदार्थ

हृदय म्हणजे केवळ रक्त ढकलणारा पंप, अशी पूर्वीची समजूत होती. कॅनडातील दे बोल्ड यांनी १९८१ साली उंदरांवरील प्रयोगांतून हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून लघवीचे प्रमाण वाढविणारा पदार्थ स्रवतो, हे दाखवून दिले. १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत अशाच जातीचा दुसरा पदार्थ सापडला. मेंदूत सापडला म्हणून त्याच्या नावात मेंदूचा उल्लेख राहिला. पण मुख्यत्वे तो हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतो, असे पुढे आढळून आले. ‘बीएनपी’ व ‘एनटी-प्रोबीएनपी’ या चाचण्या त्यावर आधारलेल्या आहेत.

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हा पदार्थ अधिक प्रमाणात स्रवतो. धाप लागलेला रुग्ण दम्याचा की हृदय दुर्बल झाल्याचा, हा प्रश्न ग्रामीण डॉक्टरांपुढे वारंवार उभा राहतो. अशा वेळी बीएनपीचे प्रमाण दर मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमहून कमी असेल तर धाप हृदयाच्या दुर्बलतेमुळे असण्याचा संभव बराच कमी होतो. स्थूल व्यक्तींमध्ये मात्र हे प्रमाण मुळातच कमी आढळते, हे ध्यानी घ्यावे लागते.

धोक्याची पूर्वसूचना देणारे निर्देशक

वरील दोन्ही निर्देशक झालेल्या इजेची किंवा चालू असलेल्या ताणाची वार्ता देतात. दुसरा गट पुढील धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्यांचा आहे. कोलेस्टेरॉल त्यांतील सर्वपरिचित. त्याच्या जोडीला ‘अपोलिपोप्रोटीन बी’ हे प्रथिन मोजण्याची पद्धत पुढे आली असून रक्तवाहिन्यांत चरबी साठविणाऱ्या कणांची संख्या त्यावरून अधिक नेमकेपणाने कळते. नॉर्वेचे केरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेला ‘लिपोप्रोटीन ए’ हा घटक बहुतांशी आनुवंशिक असतो. आहार-विहाराने त्यात विशेष फरक पडत नाही; म्हणून आयुष्यात एकदा तो मोजणे बहुधा पुरेसे ठरते. ज्या घरात तरुण वयात हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, त्या घरातील व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही चाचणी करून घेणे उपयुक्त होय.

‘सीआरपी’ हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले. दाह होत असल्याची ती खूण आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा मंद दाह हा हृदयविकाराच्या मुळाशी असतो, हे लक्षात आल्यावर त्याच्या अतिसंवेदनक्षम चाचणीला महत्त्व आले. तथापि, ताप, किडलेला दात, पायावरची जखम यांपैकी काहीही असले तरी हे प्रमाण वाढते. ज्या वस्तीत तापाची साथ चालू आहे तेथे शिबिर भरवून ही चाचणी केल्यास अकारण भीती तेवढी पसरेल.

पुण्याचा धडा

निर्देशक आणि रोगाचे कारण या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढला की रक्तवाहिन्या लवकर कठीण होतात, असा विचार १९६९ साली अमेरिकेतील मॅक्युली यांनी मांडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग या तिन्ही थरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६७ टक्के पुरुषांत ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाची कमतरता आणि ५८ टक्के पुरुषांत होमोसिस्टीनचे वाढलेले प्रमाण दिसून आले. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

साहजिकच जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या की हृदयविकार टळेल, अशी आशा निर्माण झाली. परंतु त्याच वर्षी परदेशांतील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले. हृदयविकाराचे झटके मात्र अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. याचा अर्थ पुण्याचा अभ्यास व्यर्थ ठरला, असा नव्हे. ‘बी-१२’ची उणीव मज्जातंतू व रक्त यांच्या आरोग्यासाठी आणि गरोदर मातेसाठी दूर करावयासच हवी. धडा एवढाच की, रक्तातील आकडा सुधारणे आणि रोग टाळणे या नेहमीच एकच गोष्टी नसतात. नव्या चाचणीची जाहिरात वाचताना ‘हा आकडा कळल्याने उपचारात काय बदल होणार?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

खारपाणपट्ट्यात विशेष दक्षता

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावांत भूजल खारट असून या पट्ट्यातून मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी अनेक वर्षांपासून येत आहेत. हृदयरोगाच्या निदानाशी याचा निकटचा संबंध आहे.

मूत्रपिंड दुर्बल झालेल्या व्यक्तीच्या रक्तात ट्रोपोनिन व बीएनपी या दोहोंचे प्रमाण झटका आलेला नसतानाही वाढलेले असू शकते. अशा रुग्णात एका आकड्यावरून निदान केल्यास चूक होते. प्रमाण स्थिर आहे की काही तासांत चढत आहे, हे पाहणे तेथे अनिवार्य ठरते. म्हणून या भागातील ज्या रुग्णास मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने जुने अहवाल, विशेषतः क्रिएटिनिनचे, एका पिशवीत जपून ठेवावेत आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्यावेत. एक जुना कागद डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचवू शकतो.

याच भागासाठी एक साधी चाचणी फार उपयोगाची आहे. ती रक्ताची नसून लघवीची आहे. निरोगी मूत्रपिंड अल्ब्युमिन हे प्रथिन जवळजवळ बाहेर जाऊ देत नाही. दिवसाला ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्ब्युमिन जाऊ लागले तर मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊ लागल्याचे ते चिन्ह असते; आणि ज्या कारणांनी या वाहिन्या बिघडतात त्याच कारणांनी हृदयाच्याही बिघडतात. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावयास हवी.

सर्वांत स्वस्त निर्देशक

नव्या चाचण्यांच्या झगमगाटात एक जुने साधन विसरले जाऊ नये. ते म्हणजे रक्तदाब मोजण्याचे यंत्र. ‘इंटरहार्ट’ पाहणीत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित आढळला: तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाची स्थूलता, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव व मद्यपानाचे प्रमाण. यांतील बहुतेक बाबी जाणण्यास मोजपट्टी, रक्तदाब यंत्र, साखरेची पट्टी आणि मोकळेपणाने विचारलेले चार प्रश्न पुरतात.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात आरंभी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा या जिल्ह्यांत राबविण्यात आला. ठरलेली उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा व प्रत्येक रुग्णाची नोंद या तीन गोष्टींवर त्याची उभारणी झाली. रुग्ण औषधासाठी आला नाही तर त्याचा शोध घेणे, हा त्यातील कळीचा भाग होता. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागली नाही, शिस्त लागली.

गावपातळीवर काय करता येईल?

आरोग्य उपकेंद्रात व आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी करण्यात येते. पंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागातील कोण राहिले याची यादी आशा कार्यकर्तीकडून घ्यावी. पिकांच्या हंगामात पुरुष दिवसभर शेतात असतात. त्यांच्यासाठी सायंकाळची वेळ ठेवावी. शिबिरासाठी निधी उपलब्ध झाल्यास तो सरसकट महागड्या रक्तचाचण्यांवर खर्च न करता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने वापरावा.

छातीत दुखू लागल्यास कोणत्या रुग्णालयात ईसीजीची सोय चोवीस तास आहे, तेथे जाण्याचा जवळचा रस्ता कोणता, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत असावी. २०१४ सालापासून राज्यात कार्यरत असलेल्या रुग्णवाहिका सेवेचा १०८ हा क्रमांक तेथेच लिहावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकारावरील अनेक उपचारांचा समावेश असल्याने आवश्यक कागदपत्रे घरात एका ठिकाणी ठेवण्यास लोकांना सांगावे. जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास २०२४ साली मान्यता मिळाली आहे. तज्ज्ञ सेवा त्यामुळे जवळ येण्यास साहाय्य होईल. तथापि, घरापासून दवाखान्यापर्यंतचे पहिले अंतर गावकऱ्यांनाच कापावे लागणार आहे.

शिक्षकांचे कार्यही मोलाचे आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ सालापासून बंदी असली तरी तंबाखूची सवय किशोरवयातच लागते, हे त्यांना सांगावयास नको. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला ‘छातीत कळ, घाम, धाप म्हणजे सोडा नव्हे, दवाखाना’ एवढे वाक्य पाठ झाले, तर एखाद्या पहाटे घरातील तेच मूल योग्य निर्णय घ्यावयास लावील.

जैवनिर्देशकांनी वैद्यकशास्त्राच्या हाती एक सूक्ष्म साधन दिले आहे, यात शंका नाही. परंतु रक्तातील हे पदार्थ साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. साक्ष केव्हा घ्यावयाची, तिचा अर्थ काय लावावयाचा, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. रुग्णाला वेळेवर त्या दारी पोहोचविण्याचे काम मात्र घराने, गावाने आणि शासनयंत्रणेने मिळून करावयाचे आहे.